मूल, मांजर आणि दमा असलेल्या घरात सुगंधी झाडं कोणती लावावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौथ्या मजल्यावरचं घर, बाल्कनी नाही, पूर्वेच्या एका मोठ्या खिडकीत सकाळी चारेक तास ऊन. घरात दीड वर्षाचं मूल, एक मांजर आणि दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई. प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या मनात रातराणी, लिली, मोगरा आणि अनंत अशी यादी आहे. शिवाय एक शंका: रात्री झोपायच्या खोलीत झाडं ठेवली तर हवा बिघडते का?

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. लिली आजच यादीतून खोडा, कुंडीतलीही आणि फुलदाणीतलीही. रातराणी तुमच्या घरात नको. मोगरा जरूर आणा, फक्त ती खिडकी पूर्णपणे त्याच्या नावावर करावी लागेल. अनंत पहिल्या वर्षी नको. तो थोडा विषारी आहेच, पण माझा आक्षेप त्याच्या नखऱ्यांना जास्त आहे. आणि त्यांनी न विचारलेलं एक झाड मी सुचवणार आहे, होया.

लिलीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे दुसरी संधी मिळत नाही. लिलियम प्रजातीतल्या सगळ्या लिली, म्हणजे ईस्टर लिली, टायगर लिली, स्टारगेझरसारख्या ओरिएंटल लिली, आणि त्यांच्यासारखी दिसणारी डे लिली, मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात. पान, पाकळी, देठ, पराग, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा. मांजराने झाड खाल्लं पाहिजे असंही नाही. शेजारून जाताना अंगाला पराग लागतात, मग ते सवयीने अंग चाटत बसतं, आणि तेवढं पुरतं. पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मांजर सुस्त होतं, खायचं थांबतं. त्यानंतर कधी कधी ते जरा सावरल्यासारखं दिसतं आणि घरचे निर्धास्त होतात. मूत्रपिंडाचं नुकसान मात्र एक ते तीन दिवसांत पूर्ण होतं. म्हणून लिलीशी संबंध आल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता प्राण्यांच्या डॉक्टरांकडे निघायचं. लवकर सलाईन लागलं तर मांजर बहुतेकदा वाचतं.

परागकोश कात्रीने काढले की लिली निर्धोक होते, असं अनेकजण सांगतात. कपड्यांवर डाग पडू नयेत म्हणून परागकोश काढणं ठीक आहे, मांजराच्या बाबतीत त्याने काही बदलत नाही. धोका बहुतेकदा कुंडीतून येतच नाही, भेट आलेल्या पुष्पगुच्छातून येतो. तेव्हा गुच्छ घरात घेतानाच उघडून बघायची सवय लावा.

आता रातराणी. तिच्यात दोन अडचणी आहेत. एक, ती धोत्र्याच्या कुलातली आहे आणि तिची पानं व छोटी पांढरी फळं विषारी आहेत. दीड वर्षाचं मूल खाली पडलेली फळं सोडणार नाही. दुसरी अडचण वासाची. रातराणी, रजनीगंधा अशी रात्री दरवळणारी फुलं अंधारात उडणाऱ्या पतंगांना दुरून बोलावतात, त्यामुळे त्यांचा वास मोकळ्या हवेत लांबवर पोचेल इतका जोरकस असतो. तोच वास चार भिंतींत कोंडला तर काय होणार? दम्याच्या आणि अर्धशिशीच्या कित्येक रुग्णांना तीव्र वासानेच त्रास सुरू होतो. इथे परागकणांची भीती फारशी नाही. कीटकांवर अवलंबून असलेल्या फुलांचे पराग जड, चिकट असतात आणि हवेत कमीच तरंगतात. त्रास देतात ती वासाची रसायनं. म्हणून ‘मला परागांची ॲलर्जी नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

यातली खरी गोम अशी की झाड लावणाऱ्याला वास किती आहे ते कळतच नाही. नाक काही मिनिटांत सरावतं. घरात दिवसभर असणाऱ्याला मंद वाटणारा दरवळ बाहेरून आलेल्याला डोक्यात जाऊ शकतो. अंदाज घ्यायचा असेल तर अर्धा तास बाहेर फिरून या आणि दार उघडल्यावरचा पहिला श्वास काय सांगतो ते बघा. आणि शेवटचा शब्द दमा असलेल्या माणसाचा. कोणतंही सुगंधी झाड विकत घेण्याआधी, शक्य असेल तर ओळखीच्यांकडून फुलावर असलेली कुंडी दोन रात्रींसाठी आणा. सासूबाईंना खोकला, छातीत दाटल्यासारखं, डोकं जड असं काहीही वाटलं तर ते झाड तुमच्या घरासाठी नाही. ‘होईल सवय’ असं म्हणून रेटू नका. झोपायच्या खोलीत तर मी फुलावरची एकही कुंडी ठेवत नाही. बैठकीच्या खोलीची खिडकी, जिन्याकडचा कोपरा, दाराजवळची जागा, म्हणजे जिथून माणसाला मनात येईल तेव्हा उठून दूर जाता येतं अशा ठिकाणी सुवास ठेवावा. एका वेळी एकच झाड फुलावर असलं तरी मध्यम आकाराच्या खोलीला पुष्कळ होतं.

रात्रीच्या हवेची शंका मात्र सोडून द्या. झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात हे खरं, पण झोपलेला माणूस तासाला साधारण दहा-पंधरा लिटर सोडतो आणि मध्यम कुंडीतलं झाड त्याच्या शंभराव्या भागाइतकाही नाही. खोलीत आणखी एक माणूस झोपला म्हणून आपण गुदमरत नाही. याच नाण्याची दुसरी बाजूही सांगते: कुंड्यांनी घरातली हवा ‘शुद्ध’ होते हा समजही तितकाच पोकळ आहे. १९८९ साली नासाच्या प्रयोगात बंद पेटीतल्या हवेतली काही रसायनं झाडांनी कमी केली होती, आणि तेव्हापासून त्याच्या जोरावर बरीच विक्री झाली. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा निघालेला हिशेब असा की साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरमागे दहा ते हजार झाडं लागतील. त्यापेक्षा खिडकी उघडा.

काही झाडं वासासाठी मोह घालतात, पण लहान मूल असलेल्या घरात त्यांना प्रवेश नको. कण्हेरीचा प्रत्येक भाग हृदयावर परिणाम करतो; लिली ऑफ द व्हॅलीचंही तेच. एंजल्स ट्रम्पेट, म्हणजे लांब कर्ण्यासारखी खाली लोंबणारी फुलं असलेलं ब्रुगमान्सिया, हे धोत्र्याचं भाऊबंद आहे. त्याची छाटणी करून तेच हात डोळ्याला लागले की एकाच डोळ्याची बाहुली मोठी होते आणि माणूस घाबरून दवाखान्यात धावतो. हायसिंथ आणि नार्सिससचे कंद कांद्यासारखे दिसतात, तेव्हा ते स्वयंपाकघरात कधीही ठेवायचे नाहीत. हायसिंथचा कंद नुसता हाताळला तरी खाज सुटते, हातमोजे घाला. आणि कॅरोलिना जेसमिन नावाची पिवळ्या फुलांची वेल दिसली तर नुसत्या नावावर जाऊ नका. ती जेल्सेमियम आहे, आणि मुळापासून मधापर्यंत सगळी विषारी. आपल्या जाई, जुई, मोगरा यांची प्रजाती जॅस्मिनम, आणि ती मुलांना व मांजरांना निर्धोक मानली जाते. म्हणून कुंडीवर वनस्पतीशास्त्रीय नावाची पट्टी असल्याशिवाय झाड घेऊ नये, आणि घरी आणल्यावर ती पट्टी फेकू नये. तिचा उपयोग पुढे सांगते.

मोगऱ्याकडे येऊ. घरात मोगरा फुलत नाही अशी तक्रार मी सतत ऐकते, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: उजेड. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, पण बाहेरच्या स्वच्छ उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि खिडकीपासून दोन मीटर आत बहुतेक घरांत तो काहीशे लक्सवर येतो. त्या उजेडात मोगरा जगतो, हिरवागार दिसतो, लांबलचक पिचक्या फांद्या काढतो आणि एक कळी देत नाही. त्याला थेट ऊन लागतं, सहा तास मिळालं तर उत्तम. तुमच्याकडे चार तास आहे. काचेला जवळजवळ टेकवून कुंडी ठेवलीत तर फुलं येतील, पण बेताची. कमी पडतं ते दिव्याने भरून काढता येतं.

दुसरं कारण छाटणीची भीती. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीच्या टोकाला. म्हणजे नवी फूट नाही तर फूल नाही. थंडी सरताच झाड एक तृतीयांशाने कमी करा आणि नंतर प्रत्येक बहरानंतर, फुलं गळलेल्या टोकापासून दोन-तीन पेरं खाली, पानांच्या जोडीच्या जरा वर काप घ्या. मोगऱ्याची पानं समोरासमोर असतात, त्यामुळे त्या जोडीच्या बेचक्यांतून सहसा दोन फुटी निघतात. प्रत्येक फुटीच्या टोकाला बहुधा तीन कळ्यांचा झुबका. मधली आधी उमलते, बाजूच्या नंतर. एका कापाने फुलं दुप्पट होतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कात्री आपोआप हातात येते. नत्राचं खत जास्त झालं की पानांचा पसारा होतो. फुटी निघाल्यावर पालाशाचं प्रमाण जास्त असलेलं विद्राव्य खत, लेबलवर लिहिलंय त्याच्या निम्म्याने पातळ करून, दोन आठवड्यांतून एकदा द्या. कुंडी दहा-बारा इंची पुरते. वरची दोन बोटं माती कोरडी झाली की भरपूर पाणी, खालून निथळेपर्यंत. मग पुन्हा कोरडी होईपर्यंत नाही. कळ्या धरल्यावर माती कडकडीत वाळू दिली तर त्या न उमलताच गळतात.

मोगऱ्याचा वासही हलका नाही, हे लक्षात असू द्या. फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्री दरवळतं. झाड खिडकीतच असल्याने झडप थोडी उघडी ठेवली की वास खोलीत साचत नाही. सासूबाईंना तरीही जाणवलं, तर संध्याकाळी टपोऱ्या झालेल्या कळ्या खुडून दुसऱ्या खोलीत नेता येतात.

होया मी का सुचवते? मेणासारख्या जाड पानांची ही वेल कमी उन्हात भागवते, पाण्याची आठवण चार दिवस उशिरा झाली तरी रुसत नाही आणि मुलं-प्राण्यांना विषारी नाही. चीक मात्र पांढरा असतो, नाजूक कातडीला चुरचुरतो, तेव्हा छाटणीनंतर हात धुवा. फुलायला तिला दोन-तीन वर्षं लागतात. एकदा फुलली की फुलांचा झुबका गळल्यावर उरणारा आखूड दांडा कापायचा नाही; पुढच्या कळ्या त्याच दांड्यावर येतात. नीटनेटकेपणाच्या हौसेने लोक नेमका तोच छाटतात आणि मग वर्षभर वाट बघत बसतात. फुलातून मध ठिबकतो, त्यामुळे खाली लाकडी सामान ठेवू नका. मादागास्करचं स्टेफानोटिसही निर्धोक आणि सुरेख वासाचं; त्याला कळ्या धरल्या की कुंडी फिरवू नका, उजेडाची बाजू बदलली तर कळ्या टाकतं. ऑर्किडमध्ये नेहमी दिसणारी मोठ्या फुलांची फॅलेनॉप्सिस बहुतेक बिनवासाची असते. ऑन्सिडियममधली शॅरी बेबी मात्र चॉकलेटसारखी वासाला येते, आणि दम्याच्या घरात असा सौम्य वास पुष्कळदा चालून जातो.

अनंताला आम्लधर्मी माती लागते. पाणी जड असेल तर पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. रात्र उबदार राहिली की कळ्या धरत नाहीत आणि धरल्या तर कुंडी हलवल्याच्या रागाने गळतात. मांजराने पान चघळलं तर उलटी-जुलाब होऊ शकतात, जिवावर बेतत नाही. हात बसल्यावर आणा.

जागेबद्दल एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. खिडकीखाली ठेवलेली कुंडी किंवा कुंडीची घडवंची ही मुलासाठी पायरी असते. दीड वर्षाचं मूल चढायला लागलेलं असतं आणि तुम्ही चौथ्या मजल्यावर आहात. विषारी पानापेक्षा मला ही भीती जास्त वाटते. खिडकीला मजबूत जाळी किंवा गज असतील तरच तिच्याखाली काही ठेवा. बारा इंची ओली कुंडी वीस किलोच्या आसपास भरते. ती मुलाच्या अंगावर कलंडणार नाही अशी बुटकी, रुंद बुडाची घ्या, आणि बाहेरच्या कठड्यावर नुसती टेकवून कधीच ठेवू नका. होया टांगायची असेल तर छताचा हूक ओल्या कुंडीच्या वजनाला पेलेल असा हवा.

मूल माती खाणार, हे गृहीत धरून माती निवडा. घरातल्या कुंडीत ताजं शेणखत नको. कोकोपीट, चांगलं कुजलेलं गांडूळखत आणि पर्लाईट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) एवढं पुरतं. वरून मुलाच्या तोंडात मावणार नाहीत एवढ्या मोठ्या गोट्यांचा थर द्या, म्हणजे मांजरही उकरत नाही. एरंडीची पेंड घरात आणूच नका. तिच्यात रायसिन हे जहाल विष उरलेलं असू शकतं आणि कुत्रे-मांजरं ती चवीने खातात. मांजर कुंडीत येऊ नये म्हणून काहीजण नॅप्थलीनच्या गोळ्या पुरतात. त्या मुलाच्या तोंडात गेल्या तर रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात, आणि त्यांची वाफ दम्यालाही वाईट. मिश्रणाची पिशवी उघडताना तोंड बाजूला ठेवा, मास्क लावा, धूळ उडत असेल तर थोडं पाणी शिंपडा. कंपोस्टमध्ये लेजिओनेला लाँगबीची नावाचा जीवाणू असू शकतो, तो श्वासातून गेला तर न्यूमोनिया होतो. असं क्वचितच घडतं, पण सासूबाईंसमोर कुंडी भरायला बसू नका.

बंद घरात मोगऱ्याला हमखास येते ती लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड. पानं निस्तेज, बारीक ठिपक्यांची दिसू लागली की पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले कण चालायला लागले, तर कोळी आहे. औषधाच्या बाटलीकडे धावू नका. आंतरप्रवाही, म्हणजे मुळांतून झाडभर भिनणाऱ्या कीटकनाशकाचे दाणे तर मूल माती उकरतं त्या घरात अजिबात नकोत. कुंडीची माती प्लास्टिकच्या पिशवीने बांधून झाड न्हाणीघरात आडवं करा आणि पानांच्या खालच्या बाजूला जोराच्या पाण्याने धुवा. मग बागकामासाठी मिळणारा पोटॅशियम साबण लेबलवरच्या प्रमाणात फवारा, अर्ध्या-एक तासाने पुन्हा धुवून काढा. पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीनदा करा, कारण अंडी पहिल्या धुण्यात मरत नाहीत. पिठ्या ढेकूण (पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड) असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक टिपा. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडताना दिसली तर ती पाणी जास्त होत असल्याची खूण.

कुंडीखालची बशी दर आठवड्याला नुसती ओतू नका, घासा. एडिस डासाची अंडी काठाला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी मिळताच फुटतात. पानांवर उठसूट पाणी फवारायचीही गरज नाही. घरातली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी आणि धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे किडे) वाढतात, आणि हे दोन्ही दम्याचे जुने शत्रू.

दिव्याचं म्हणाल तर तीसेक वॅटचा पांढरा एलईडी ग्रो लाइट, झाडाच्या शेंड्यापासून फूटभर वर, ऊन धरून दिवसाला बारा-चौदा तास. टायमर लावा, झाडालाही रात्र लागते. वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झोका घेईल अशी सोडा, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत न जाता तिथेच ठिबकतो. घराच्या वीजजोडणीला तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या, दिवा मग.

आणि मुलाने काही तोंडात घातलंच तर: उरलेलं बोटाने काढा, चूळ भरायला किंवा घोटभर पाणी प्यायला द्या, उलटी मात्र करवू नका. कुंडीवरची नावाची पट्टी आणि झाडाची एक फांदी घेऊन थेट रुग्णालयात जा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘कोणतं झाड?’ हाच असतो, आणि ‘पांढऱ्या फुलांचं’ या उत्तराचा त्यांना काही उपयोग नसतो.

सुरुवात एका मोगऱ्याने करा. कळ्यांवर असलेलं झाड निवडा, म्हणजे वासाची परीक्षाही तिथेच होते. घरी आणल्यावर तीन आठवडे इतर झाडांपासून वेगळं ठेवा, पानांच्या खालच्या बाजू दर दोन-तीन दिवसांनी बघा, आणि पहिला बहर सासूबाईंना कसा झेपतो ते पाहूनच होया आणा.